दारूबंदी उठली, खटला राहिला

चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी १ एप्रिल २०१५ला लागली आणि २०२१मध्ये सरकारने ती उठवली. बार पुन्हा उघडले. त्या सहा वर्षांत बाटलीसह सापडलेल्यांचे खटले मात्र बंदीसोबत आपोआप उठले नाहीत. भद्रावतीच्या एखाद्या पोराला आता आखातात नोकरी चालून येते, आणि पासपोर्टच्या अर्जात प्रश्न असतो: कोर्टात फौजदारी खटला प्रलंबित आहे का?

इथे हात चटकन ‘नाही’कडे जातो. एवढ्याशा केसला कोण विचारतो! पण पडताळणी ठाण्यातूनच होते आणि तिथे नोंद असते. मग मूळ केसपेक्षा लपवणंच महागात पडतं. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा वेगळा गुन्हा आहे, कैद दोन वर्षांपर्यंत.

एरवी १९६७चा पासपोर्ट कायदा वाटतो तेवढा कडक नाही. जुनी शिक्षा आड येते ती गुन्हा नैतिक अधःपतनाचा, कैद किमान दोन वर्षांची आणि शिक्षा गेल्या पाच वर्षांतली असेल तरच. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. खटला चालू असला तरी २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे: त्याच कोर्टाची परवानगी आणायची. आदेशात मुदत नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलाला सांगून मुदत लिहूनच घ्यावी.

‘दंड भर अन् मोकळा हो’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. त्याने खटला संपतो, पण गुन्हा कबूल केल्याची नोंद राहते आणि कित्येक देशांचे व्हिसा अर्ज नेमकं तेच विचारतात.

अमेरिकेतल्या ग्रीन कार्डवाल्यांचा पेच तर आणखी विचित्र. स्वतःपुरता, ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकाच शिक्षेवरून तिथला कायदा त्यांना देशाबाहेर काढत नाही. तोच माणूस घरच्या लग्नाला भद्रावतीला येऊन परतला, की विमानतळावर त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजता येतं, आणि प्रवेशाच्या नियमांत ही ३० ग्रॅमची सवलत नाही. किरकोळ चोरीच्या एखाद्या गुन्ह्याला तिथे काही अटींवर सूट आहे, गांजाला नाही. अशांनी तिकिटाआधी निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तिथला इमिग्रेशन वकील गाठावा. एजंटाच्या भरवशावर निघू नये.