केवड्यावरील औषधांची परीक्षा

ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघून घड दिसू लागतात, नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस रेंगाळला, की इंदापूर तालुक्यातील बोरीच्या परिसरापासून बारामतीच्या शिवारापर्यंत द्राक्षबागाईतदाराची झोप उडते. पानाच्या वरच्या अंगास तेलकट पिवळे डाग आणि खालच्या अंगास पांढरी लव, हे केवड्याचे लक्षण. तो घडावर उतरला, तर वर्षाचे उत्पन्न आठवड्यात नाहीसे होते. त्या दिवसांत पंपात जे औषध पडते, त्यामागे उभ्या असलेल्या परीक्षेचा परिचय बागेत वावरणाऱ्यांनाही क्वचितच असतो.

ही परीक्षा मुळातच बिकट, कारण केवड्याचा जीव जिवंत पानावाचून वाढतच नाही. अनेक बुरश्यांप्रमाणे त्याला काचपात्रातील कृत्रिम अन्नावर पोसता येत नाही. म्हणून द्राक्षपानाच्या गोल चकत्या कापून, त्यांवर नव्या संयुगाचे उत्तरोत्तर सौम्य द्रावण फवारून, मग बीजाणू सोडून, दमट हवेत दिवस मोजीत बसावे लागते. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हा जीव खरी बुरशीही नव्हे, त्याचे नाते तपकिरी शेवाळांशी अधिक जवळचे. त्यामुळेच भुरी या दुसऱ्या रोगाला आवरणारी ट्रायझोल वर्गातील औषधे येथे निष्प्रभ ठरतात. आजच्या काळात दीड लाखांहून अधिक संयुगे चाळावीत, तेव्हा एखादे बाजारापर्यंत पोहोचते, आणि त्यालाही सरासरी अकरा वर्षांहून अधिक काळ लागतो. आपल्याकडे त्यापुढे कीटकनाशक कायदा, 1968 अन्वये नोंदणी समितीचे शिक्कामोर्तब असते.

औषधे शोधण्याच्या या विद्येचे मला सर्वांत विलक्षण वाटणारे उदाहरण म्हणजे स्ट्रोबिल्युरिन. पाइनच्या गळलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका चिमुकल्या अळिंबीपासून 1977 मध्ये जर्मनीत वेगळे केलेले हे द्रव्य इतर बुरश्यांच्या पेशीतील श्वसनच थांबवीत असे. परंतु उन्हात ते टिकत नसल्यामुळे शेतात निरुपयोगी होते. रसायनज्ञांनी त्याचा मारक भाग कायम ठेवून उरलेली रचना पुनःपुन्हा पालटली, आणि 1996 मध्ये केवडा व भुरी दोहोंवर चालणारे ॲझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आले. दोनच वर्षांत उत्तर जर्मनीत गव्हावरील भुरीने या वर्गाला दाद देणे सोडले, आणि पुढे महाराष्ट्राच्या द्राक्षबागांतील केवड्यातही तोच प्रतिकार आढळला. कारण केवढे सूक्ष्म! एका प्रथिनातील 143 व्या स्थानी ग्लायसीनच्या जागी ॲलॅनीन येताच औषधाची पकड सुटते.

याउलट, 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ मिलार्देने पुरस्कारिलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण अद्याप बागेत आहे, कारण तांबे पेशीतील एकाच नव्हे, अनेक प्रथिनांवर घाला घालते. म्हणून औषध मारते किती, याच्या बरोबरीने ते टिकेल किती, हा प्रश्न परीक्षेच्या आरंभीच विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बागेतून आणलेले केवड्याचे प्रतिकारक्षम प्रकार पहिल्याच चकत्यांवर सोडून संयुग जोखावे, एका वर्गाच्या फवारण्या हंगामात मोजक्याच ठेवाव्यात आणि दोन फवारण्यांमध्ये वेगळ्या क्रियेचे औषध यावे, ही शिस्त प्रयोगशाळेइतकीच बोरीच्या बांधावरही पाळली जावयास हवी. प्रयोगशाळा आणि बांध यांत अंतरही फार नाही; मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तेथून एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आहे.