कुंटा किंटेच्या सात पिढ्या आणि आमच्या तीन

ॲलेक्स हॅले या काळ्या लेखकाचे 'रूट्स' १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यावर टीव्ही मालिका निघाली आणि सारी अमेरिका सलग आठ रात्री आपल्याच पापाचा इतिहास घरात बसून पाहत राहिली. मी हे जाडजूड पुस्तक वाचले ते फार उशिरा, निवृत्तीनंतर, सांगलीत.

आफ्रिकेतल्या गांबियामधल्या जुफुरे गावचा कुंटा किंटे. १७६७ साली त्याला पकडून जहाजाच्या पोटात साखळदंडाने जखडून अमेरिकेत नेऊन विकले. त्याची मुलगी किझी, किझीचा जॉर्ज, जॉर्जचा टॉम, टॉमची सिंथिया, सिंथियाची बर्था आणि बर्थाचा मुलगा स्वतः लेखक. सात पिढ्या, सात नावे!

पुस्तक मिटले आणि मी कागद घेतला. माझे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले, आज्याचे लिहिले. चौथ्या ओळीवर पेन अडले. आईने ऐंशी कधीच ओलांडली आहे. तिला विचारले. ती म्हणाली, "तुझ्या पंज्याला समदं गाव येसकरच म्हनायचं. नाव इचारलंय कुनी?"

कुंटाला मालकाने 'टोबी' हे नाव दिले. ते तोंडाने उच्चारावे म्हणून त्याला चाबकाने फोडून काढले. माझ्या पंज्याचे नाव पुसायला चाबूकही लागला नाही. धर्माने ते काम फुकटात केले. घुंगराची काठी हातात दिली, मयताचा सांगावा दिला, दारोदारची शिळी भाकरी दिली आणि या सगळ्याला वर 'वतन' असे भारदस्त नाव दिले. गुलामीला वतन म्हणणारा देश जगात दुसरा असेल तर वाचकांनी मला जरूर कळवावे.

हॅलेला त्याच्या आजीने टेनेसीतल्या घराच्या ओसरीवर पूर्वजांच्या गोष्टी सांगितल्या. गांबियात 'ग्रिओ' भेटला, वंशाच्या वंश मुखोद्गत असणारा. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ग्रिओ नाहीत असे नाही. हेळवी येतात. बैल घेऊन येतात, पाटलाच्या वाड्यात बसतात, पणज्या-खापरपणज्यापर्यंतची वंशावळ घडाघडा वाचतात आणि धान्य घेऊन जातात. आमच्या महारवाड्यात हेळवी आलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. ज्याच्या घरी धान्याची कणगी, त्याच्याच बापजाद्यांची नावे!

मग आमचा इतिहास कुणी लिहिला? आम्हीच. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी 'तराळ-अंतराळ' (१९८१) लिहिले. विहिरीत कुजलेले प्रेत, वर अंमल गाजवणारे पोलीस, आणि विहिरीत उतरायचे कुणी? तराळकी करणाऱ्या बापाने. काठावर भाकरी घेऊन आलेला पोरगा ते बघतो आहे. हा पोरगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) लिहिले, तेही नवऱ्यापासून वह्या वर्षानुवर्षे लपवून. वाटेगावच्या अण्णाभाऊंनी 'फकिरा' (१९५९) लिहिली, त्यात आधी बाप राणोजी मारला जातो आणि मग मुलगा उभा राहतो. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपले लेखन बहुतेक बापापाशी, फार तर आज्यापाशी थांबते. त्यापलीकडे अंधार आहे, आणि तो लेखकांचा दोष नाही.

काळ्यांशी आपले नाते जोडणारे पहिले जोतीराव. १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्यांचे मूळ घराणे साताऱ्याच्या कटगुणचे. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, आणि गुलामी व अस्पृश्यता यांची तुलनाही केली. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून तो जगावा, धडधाकट राहावा यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्य तर कुणाच्याच मालकीचा नाही. तो उपाशी मेला तर कुणाचे काय बिघडते? 'रूट्स' वाचून गहिवरणाऱ्या आपल्या पांढरपेशा मित्रांनी ही तुलना जरूर वाचावी. त्यांचा गहिवर अटलांटिकच्या पलीकडचा आहे, वेशीपलीकडचा नाही.

हॅलेवर पुढे आक्षेप आले. दुसऱ्या एका लेखकाच्या कादंबरीतला मजकूर त्यात आल्याबद्दल १९७८ साली त्याला तडजोड करून पैसे द्यावे लागले. संशोधकांनी दप्तरे तपासून त्याच्या वंशावळीतले दुवे जुळत नाहीत, असे दाखवले. हे लपवण्याचे कारण नाही. पण हॅलेने दप्तरात शोध घेतला, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. गुलामाचे नाव कुठे सापडणार? मालकाच्या वहीत.

आपल्याही बाबतीत तसेच आहे. वतनाला जमीन होती, जमिनीला वारस होते आणि वारसांची नोंद सरकारला हवी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात ज्या वतनाविरुद्ध बिल आणले, जे १९५८च्या कायद्याने एकदाचे गेले, त्याच वतनाच्या कागदात आपले आजे-पंजे पडून आहेत. भावकी आजवर हे उतारे हिश्श्याच्या भांडणासाठीच काढत आली, मीही त्यातलाच.

यंदा प्रथमच नाव शोधायला गेलो. जुना कागद मोडीत होता. मोडी वाचणारे एक गृहस्थ गाठले. त्यांनी भिंग लावून बोट फिरवले. आज्याचे नाव, पुढे 'बिन', आणि त्यापुढे आणखी एक नाव. ते इथे छापत नाही, आधी भावकीला सांगायचे आहे. घरी येऊन आईला वाचून दाखवले. तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले, मग स्वतः म्हणून पाहिले.