म्हातारा संगणक फोन लावतो!

ग्रामपंचायतीसमोर, सोसायटीच्या जिन्याजवळ किंवा शाळेच्या ऑफिसबाहेर एक सूचना फलक असतो, तो तुम्ही रोज पाहता. ‘उद्या पाणी येणार नाही.’ ‘सायकल विकणे आहे.’ ‘छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी.’ आता कल्पना करा, हा फलक एका संगणकाच्या पोटात आहे आणि तो वाचायला तुम्ही तुमच्या संगणकावरून चक्क फोन लावताय!

असे हजारो फलक एके काळी जगभर चालत. त्यांना ‘बुलेटिन बोर्ड सिस्टिम’ किंवा थोडक्यात ‘बीबीएस’ म्हणत. पुढे ते एकेक करून बंद पडले. पण आता काही हौशी मंडळींनी त्यातले कितीतरी पुन्हा सुरू केले आहेत आणि चाळीस वर्षांचे म्हातारे संगणकही त्यांना जोडले आहेत. वाय-फाय कशाशी खातात हे ज्यांना ठाऊकच नाही, ते संगणक हे कसं जमवतात? पाहूया तर!

बर्फ पडलं आणि फलक उभा राहिला

ही गोष्ट अमेरिकेतल्या शिकागो शहरातली. १९७८ च्या जानेवारीत तिथं भयंकर हिमवादळ झालं. रस्ते बंद, सगळे घरात अडकलेले. वॉर्ड ख्रिस्तेन्सेन आणि रँडी स्यूस हे दोघं एका संगणक-छंद मंडळाचे सभासद होते. मंडळाचा एक साधा फलक होता. त्यावर लोक चिठ्ठ्या टाचून ठेवत. वॉर्डनी रँडींना फोन केला. दोघांच्या बोलण्यातून कल्पना निघाली, की हाच फलक संगणकावर का नको?

वॉर्डनी प्रोग्रॅम लिहिला, रँडींनी यंत्राची जुळवाजुळव केली आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला जगातला पहिला असा सार्वजनिक फलक सुरू झाला. त्याचं नाव ‘सीबीबीएस’. यंत्र रँडींच्या घरी ठेवलं, कारण ते शिकागो शहरात राहत आणि तिथं फोन लावणं जास्त लोकांना स्वस्त पडे.

गंमत म्हणजे फलकाला फोनची लाइन एकच! एक जण वाचत असला, की बाकीच्यांना एंगेज टोन. आपलं वाचून-लिहून झालं की फोन ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला संधी. नळावर हंडा भरायला रांग लागते ना, तसंच.

शिट्टीची भाषा

संगणकाला कळतात फक्त ० आणि १. टेलिफोनच्या तारेतून मात्र जातो आवाज. मग मध्ये एक दुभाषी हवा. तो म्हणजे मोडेम. त्या काळचा मोडेम फोन लावल्यावर दोन सूर वाजवायचा. ० साठी सेकंदाला १०७० कंपनांचा आणि १ साठी १२७० कंपनांचा. पलीकडचा मोडेम उत्तर द्यायचा तो वरच्या पट्टीत, २०२५ आणि २२२५ कंपनांच्या सुरांत. म्हणून दोघं एकाच वेळी बोलले तरी गोंधळ होत नसे. आहे की नाही युक्ती?

वेग किती, तर सेकंदाला ३०० बिट. म्हणजे साधारण ३० अक्षरं! १९८२ साली आलेल्या ‘कमोडोर ६४’ या लाडक्या संगणकाच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी मावत. तो पडदा भरायला या वेगानं अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. आणि आई-बाबांच्या मोबाइलवरचा दोन एमबीचा एक फोटो पाठवायचा म्हटलं, तर साडेअठरा तास! शिवाय तो कमोडोरच्या ६४ केबी स्मृतीत मावणारही नाही, ते वेगळंच.

आजचा दुभाषी

आता आजकडे वळूया. हे फलक हल्ली बहुतेक करून टेलिफोनच्या तारेवर नसतात, ते इंटरनेटवर असतात. मग जुन्या संगणकानं तिथं पोचायचं कसं?

इथं कामाला येते १९८१ सालच्या एका मोडेमची भाषा. ‘हेज’ नावाच्या कंपनीनं आपल्या मोडेमला हुकूम देण्यासाठी सोपी अक्षरं ठरवली. ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’, इकडे लक्ष दे. ‘डी’ म्हणजे डायल कर. ‘टी’ म्हणजे टोन वाजवून कर. ‘एटीडीटी’ आणि पुढे फोन नंबर लिहिला, की मोडेम नंबर फिरवायचा आणि जोडणी झाली की पडद्यावर ‘कनेक्ट’ असं उमटायचं. ही भाषा इतकी सोयीची, की बाकीच्या कंपन्यांनीही तीच उचलली.

आजचे हौशी लोक वाय-फायची एक चिमुकली चिप घेतात. ती नखाएवढी असते, किंमत काहीशे रुपये. ती संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडतात आणि तिला ही जुनी भाषा शिकवून ठेवतात. म्हातारा संगणक नेहमीसारखा म्हणतो, ‘एटीडीटी’. पुढे फोन नंबराच्या जागी फलकाचा इंटरनेटवरचा पत्ता असतो. चिप तो पत्ता गाठते आणि आज्ञाधारकपणे ‘कनेक्ट’ असं उत्तर देते. संगणकाला वाटतं, आपण फोनच लावलाय! त्याच्यात काहीही बदलावं लागत नाही, बदलतो तो फक्त मधला दुभाषी.

हे कशासाठी?

तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? त्याचं कारण जरा गंभीर आहे, बरं का.

फलकावरचं सगळं लिखाण चालवणाऱ्याच्या घरातल्या डिस्कवर असे. लोकांचे वाद, विनोद, मुलांनी लिहिलेले खेळ, सगळं तिथंच. १९९० नंतरच्या काही वर्षांत इंटरनेट घरोघरी पोचलं, फोन येईनासे झाले. मालकानं एक दिवस बटण बंद केलं, डिस्क माळ्यावर गेली किंवा भंगारात. एका गावाची सगळी बोलणी एका रात्रीत पुसली जावीत, तसं झालं. जेसन स्कॉट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९८ पासून असं उरलंसुरलं लिखाण गोळा करायला सुरुवात केली, म्हणून त्यातलं बरंच आज वाचायला मिळतं. रँडी स्यूस २०१९ मध्ये गेले आणि वॉर्ड ख्रिस्तेन्सेन २०२४ मध्ये. त्यांचा फलक कसा चालायचा हे पुस्तकात वाचता येईल. पण एकेक अक्षर पडद्यावर उमटताना वाट पाहणं कसं असतं, ते यंत्र चालू असेल तरच कळतं.

आपल्याकडेही ही हौस होती. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. त्याच्या आधी मुंबईत काही जण असे फलक चालवत. आणि १९८४ मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या काही शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक मिळाले होते. त्यांनाही सिरियल पोर्ट आहे! तुमच्या शाळेच्या अडगळीत एखादा असेल, तर भंगारात देण्याआधी सरांना नक्की विचारा.

पण थांबा! जुना संगणक सापडला म्हणून लगेच प्लग लावू नका. कमोडोरचा जुना वीजपुरवठा बिघडला तर जास्त दाब सोडून आतल्या चिप जाळतो. आधी जाणकाराकडून तपासून घ्या. आणि पालकांनो, या फलकांवर टाइप केलेलं बहुधा उघड्या पोस्टकार्डासारखं जातं. तेव्हा तिथला पासवर्ड वेगळाच ठेवायला सांगा, घरचा पत्ता लिहू देऊ नका आणि पहिल्यांदा शेजारी बसा.

करून पाहा

तारेत खरखर झाली की अक्षरं बिघडत. त्यावर वॉर्डनी १९७७ मध्येच ‘एक्समोडेम’ ही युक्ती काढली होती. फाइलचे १२८ अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची बेरीज पाठवायची. बेरीज जुळली तर ‘पोचलं’, नाही तर ‘पुन्हा पाठव’.

तुम्ही मित्राला दूर उभं करा आणि ओरडून सांगा : ७, ४, ९, २, ५, बेरीज २७. त्याला ९ च्या जागी ६ ऐकू आलं तर बेरीज २४ होईल आणि तो म्हणेल, ‘पुन्हा!’ आता विचार करा, अशी कुठली चूक आहे जी या बेरजेला सापडणारच नाही?

(उत्तर : दोन आकड्यांची अदलाबदल. ७, ४ ऐवजी ४, ७ ऐकू आलं तरी बेरीज २७ च! म्हणूनच पुढे याहून हुशार पडताळणी वापरात आली.)