घोड्यावरची रपेट आणि ९ जानेवारीची रात्र

काऊबॉय म्हटला की रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल आणि भरधाव घोडा हेच चित्र आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. सिनेमाची ती करामत आहे. खरा काऊबॉय म्हणजे दुसऱ्याची गुरे राखणारा पगारी गुराखी. अशा गुराख्यांचे आणि त्यांच्या मालकांचे एक छोटे गाव अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, अगदी वायव्य कोपऱ्यात आहे. त्याचे नाव क्रॉफर्ड. १८८६ साली रेल्वे आली तेव्हा ते वसले. २०२० च्या जनगणनेत तेथे हजार माणसेदेखील भरली नाहीत. आपल्याकडील एखाद्या चाळीत याहून जास्त माणसे असतील! तरीही दर उन्हाळ्यात दूरदूरची कुटुंबे मुलाबाळांसह या भागात सहलीला येतात. ती काय पाहतात आणि काय पाहावयाचे राहून जाते, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

रँच म्हणजे आपल्यासारखी नांगरटीची शेती नव्हे. या भागात पाऊस थोडा आणि हिवाळा कडक. गवत मात्र चांगले येते. म्हणून माणूस गवतावर गुरे वाढवतो आणि गुरे विकून पोट भरतो. एकेका रँचची जमीन हजारो एकर असते. वसंतात वासरांना मालकाच्या खुणेचे डाग देतात, पावसाळी-उन्हाळी कुरणे बदलतात आणि पानगळीच्या दिवसांत वासरे लिलावात काढतात. वर्षाची कमाई बरीचशी त्या एका दिवसाच्या भावावर अवलंबून. घरातील बायका-मुलेही घोड्यावर बसून गुरे वळतात. सिनेमात हे कष्ट दिसत नाहीत.

गावापासून तीनेक मैलांवर फोर्ट रॉबिन्सन आहे. नाव किल्ल्याचे असले तरी तट नाही, बुरूज नाहीत. ती १८७४ साली उभारलेली लष्करी छावणी. १९४८ मध्ये लष्कर निघून गेले. नंतर बरीच वर्षे सरकारने येथे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांवर संशोधन केले आणि आता सुमारे बावीस हजार एकरांचे हे राज्य उद्यान झाले आहे. मागे पांढुरक्या कड्यांची रांग, कड्यांवर पाईनची झाडे, खाली व्हाईट रिव्हर ही लहानशी नदी. येथे तासावर भाड्याने घोडे मिळतात, बग्गी मिळते, ओढ्यात ट्राऊट मासा गळाला लागतो, उघड्यावर शेकोटीचे जेवण होते. गवताळ टेकड्यांवर बायसन म्हणजे अमेरिकन गवे चरताना दिसतात. १९०९ साली शिपायांसाठी बांधलेल्या बराकीत आज पाहुण्यांची निवासगृहे आहेत; अधिकाऱ्यांचे जुने बंगलेही कुटुंबांना राहावयास मिळतात.

मुले बरोबर असतील तर दोन ठिकाणे चुकवू नयेत. छावणीतील संग्रहालयात दोन प्रचंड मॅमथ हत्तींचे सांगाडे आहेत. दोघे नर झुंजले, सुळे एकमेकांत अडकले, सुटेचनात आणि दोघेही तसेच मेले! १९६२ साली क्रॉफर्डच्या उत्तरेला ते सापडले. दुसरे ठिकाण टोडस्टूल पार्क. मातीचे कडे वाऱ्या-पावसाने झिजून कुत्र्याच्या छत्रीसारखे उरले आहेत आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलातून गेलेल्या जनावरांच्या पावलांचे ठसे दगडात तसेच आहेत. वाट मैलभराचीच आहे, पण सावली नाही. पाणी जवळ हवे. तेथून पायवाटेने तीन मैल गेले की सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या शेकडो गव्यांच्या हाडांचा थर आहे. १९५४ साली तो शोधणारे हडसन आणि मेंग हे कोणी प्राध्यापक नव्हते, याच भागातील रँचवाले होते.

आता छावणीकडे परत येऊ. १८८५ पासून येथे नववे घोडदळ होते. त्यातले शिपाई काळे. अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. गुलामगिरी संपून वीस वर्षे झाली होती. महिना तेरा डॉलर पगार, तोही गोऱ्या शिपायाइतकाच. त्या काळी काळ्या माणसाला असे बरोबरीचे दाम दुसरीकडे क्वचितच मिळे. वर्दीने अन्न दिले, अक्षरओळख दिली, मान दिला. आपल्या घरांतून जे पलटणीत गेले त्यांच्या नातवंडांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. चार्ल्स यंग हे वेस्ट पॉईंटच्या लष्करी शाळेतून पदवी घेतलेले तिसरे काळे अधिकारी. त्यांची पहिली नोकरी येथलीच. निवृत्तीनंतर काही शिपायांनी क्रॉफर्डमध्येच घर केले. पण याच पलटणीला १८९० च्या हिवाळ्यात लकोटा लोकांवर चालून जावे लागले. भाकरी देणारा हात कोणावर उगारावयाला लावील, हे शिपाई ठरवीत नसतो.

त्यांच्याही आधीची गोष्ट मात्र अधिक काळी आहे. आपली पाठ्यपुस्तके ज्यांना सरसकट 'रेड इंडियन' म्हणत आली, ते स्वतःला आपापल्या जमातीच्या नावाने ओळखतात. लकोटांचा सेनानी क्रेझी हॉर्स मे १८७७ मध्ये आपले सुमारे नऊशे लोक घेऊन येथे शरण आला. ५ सप्टेंबरला त्याला कोठडीत नेऊ लागले, त्याने प्रतिकार केला आणि शिपायाच्या संगिनीने त्याचा बळी घेतला. ती कोठडी लाकडी ओंडक्यांची पुन्हा बांधून ठेवली आहे. शेजारी दगडी स्मारक आहे.

पुढल्या वर्षी उत्तर शायान जमातीचे लोक आले. सरकारने त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, नेऊन टाकले होते. तेथे हिवतापाने आणि उपासमारीने माणसे मरू लागली, तेव्हा सप्टेंबर १८७८ मध्ये तीनशेवर शायान आपल्या उत्तरेकडील घराकडे पायी-घोड्यावर निघाले. वाटेत दोन गट झाले. मॉर्निंग स्टार या वृद्ध प्रमुखाचा (गोरे त्याला डल नाईफ म्हणत) दीडशेच्या आसपास माणसांचा गट पकडून याच छावणीतील एका बराकीत ठेवण्यात आला. त्यांत निम्म्याहून अधिक बायका आणि मुले होती. जानेवारीत हुकूम आला, दक्षिणेला परत जा. ते नाही म्हणाले. मग त्यांचे अन्न तोडले, सरपण तोडले. कडाक्याच्या थंडीत पाच-सहा दिवस हे चालले. बंदुका त्यांनी आधीच सुट्या करून लपवल्या होत्या. काही सुटे भाग तर दागिने म्हणून मुलांच्या अंगावर होते. ९ जानेवारी १८७९ च्या रात्री खिडक्या फोडून सारे बर्फात बाहेर पडले आणि नदीच्या काठाने कड्यांकडे धावले. त्या रात्री आणि पुढील दोन आठवड्यांत साठाहून अधिक माणसे मारली गेली. शेवटचा गट २२ जानेवारीला एका ओढ्याच्या खळग्यात वेढून टिपला. मॉर्निंग स्टार वाचला. १८८४ मध्ये या जमातीला मोंटानात राखीव प्रदेश मिळाला. म्हणजे मागणी रास्त होती, हे सरकारनेच पाच वर्षांनी कबूल केले म्हणावयाचे!

आज पाहुणे ज्या कड्यांची छायाचित्रे काढतात, ते हेच कडे. बराकही त्याच जागी पुन्हा बांधली आहे. घोड्यांचे तबेले पाहून झाल्यावर मुलांना तेथे नेणारी कुटुंबे आहेत, आणि आइस्क्रीम खाऊन परत फिरणारीही आहेत. उद्यानाने माहितीचे फलक लावले आहेत. वाचणे आपल्या हाती. छावणीच्या पश्चिमेला, महामार्गालगत, शायान लोकांनी स्वतःचे स्मारक उभारले आहे. त्यासाठी जमीन दिली ती याच भागातील एका रँचवाल्या कुटुंबाने.

मेलेल्यांची फरफट तेवढ्यावर थांबली नव्हती. त्यांतल्या अनेकांच्या कवट्या अभ्यासासाठी म्हणून लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात गेल्या आणि शंभर वर्षांहून अधिक काळ संग्रहालयांच्या कपाटांत पडून राहिल्या. १९८९-९० मध्ये कायदे झाले, तेव्हा कोठे त्या जमातीला परत मागता आल्या. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोंटानातील बझ्बी या गावी त्यांना माती देण्यात आली.

१९९० च्या दशकापासून दर वर्षी जानेवारीत शायान मुले-मुली फोर्ट रॉबिन्सनला येतात. तेव्हा उन्हाळी खेळ बंद असतात, घोड्यांची रपेट नसते, गवतावर बर्फ असते. ९ तारखेच्या रात्री ती त्या बराकीतून धावत बाहेर पडतात आणि पुढे आळीपाळीने, दिवसरात्र, बर्फाच्या वाऱ्यात धावत राहतात. त्यांत शाळकरी पोरेही असतात. मागून गाड्यांत आयाबाया आणि वडीलधारी माणसे गरम जेवण घेऊन चालतात. सुमारे ४०० मैल. धाव संपते ती बझ्बीला.