थर्टी फर्स्टला काकांना कॉल करा!

थर्टी फर्स्टचा प्लॅन ठरला? मग अमेरिकेतल्या आजोबांना, मोठ्या काकांनाही एक कॉल लावा. तिथे वयाच्या ७३व्या वर्षापासून ‘आयआरए’सारख्या निवृत्ती खात्यातून दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत ठरावीक रक्कम काढावीच लागते, फक्त पहिल्या वेळी पुढच्या १ एप्रिलपर्यंत मुभा. विसरले, तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड. म्हणजे १० हजार डॉलर राहिले, तर अडीच हजार गेले! पण घाबरायचं नाही. राहिलेली रक्कम आधी काढायला सांगा. साधारण दोन वर्षांत चूक सुधारली, तर दंड १० टक्क्यांवर येतो. आजारपणासारखं खरं कारण असेल, तर फॉर्म ५३२९सोबत पत्र जोडून माफीही मागता येते. तेवढा एक रिमाइंडर त्यांच्या फोनवर लावून द्याच!