चित्र वाचायला शिकवताना

सातवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर गावाचा नकाशा काढत होतो. वेस, देऊळ, चावडी, शाळा, विहिरी, ओढा असे सगळे काढून झाले. कोपऱ्यात सूची केली, उत्तरेचा बाण काढला आणि ‘आता विचारा’ म्हणून मुलांकडे वळलो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, आपली वस्ती कुठंय?”

फळ्याची कड तिथेच संपली होती. वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, आणि मी सुरुवात केली होती देवळापासून. ज्या वस्तीत मी जन्मलो तीच माझ्या हातून फळ्याबाहेर राहिली. तसे काढायला मला कुणी सांगितले नव्हते. मी लहानपणी जे नकाशे पाहिले ते देवळापासून सुरू होत. हाताला तेच वळण लागले होते.

चित्र आपोआप कळते, असा आपणा शिक्षकांचा एक गोड गैरसमज आहे. धडा आपण शब्दन् शब्द फोडून शिकवतो. नकाशा, आलेख, छायाचित्र आले की ‘चित्र पाहा’ म्हणतो आणि पान उलटतो. ज्या घरात भिंतीवर नकाशा आहे तिथले पोर काहीतरी उचलते. आमच्या घरांतून दिनदर्शिका आणि बाबासाहेबांची तसबीर यापलीकडे छापील चित्र क्वचितच असते. तेव्हा हे शिकवावेच लागते.

मी असे करतो. चित्राखालची ओळ कागदाने झाकतो. मुलांनी फक्त दिसते ते सांगायचे, वाटते ते नाही. ‘बाई गरीब आहे’ हे दिसत नाही. ‘बाई अनवाणी आहे’ हे दिसते. ही एक सवय लागायलाच महिना जातो. मग विचारायचे : हे कुणी काढले, कुठे उभे राहून काढले? चौकटीबाहेर काय असेल? मगच खालची ओळ उघडायची आणि धड्यातला मजकूर व चित्र एकच सांगतात का, ते ताडून पाहायचे.

नकाशात सूची महत्त्वाची. आमच्या नकाशात विहिरीला एकच खूण, निळे वर्तुळ. एका मुलाने हरकत घेतली : विहिरी दोन, आणि त्याच्या आजीला गावातल्या विहिरीवर जाता येत नव्हते, मग खूण एक कशी? खूण वस्तू दाखवते, वस्तूवरचा हक्क दाखवत नाही. शेवटी मुलांनी सूचीत दुसरा रंग घातला. ओढ्यावर बाण काढला तेव्हा पाणी आधी कुणाकडून जाते तेही सांगावे लागले नाही.

खरी कसोटी आलेखाची. जनगणनेचे आकडे मी फळ्यावर लिहिले. देशातील सात वर्षे व त्यापुढील लोकांतले साक्षर, पूर्णांकात : अनुसूचित जाती १९९१ साली शंभरात ३७, २००१ साली ५५, २०११ साली ६६, एकूण लोकसंख्येत अनुक्रमे ५२, ६५ आणि ७३. मुलांनी जोडस्तंभालेख काढले. अंतर १५ वरून १० वर आणि १० वरून ७ वर आले, हे त्यांनी स्वतः मोजले. एका हुशार पोराने शंका काढली की ‘एकूण’मध्ये आपणही आलोच, म्हणजे इतरांशी अंतर याहून जास्त. बरोबर होते त्याचे. दुसरीने विचारले, सही करणारी आजी यात धरली का? नाही, जनगणनेला समजून वाचणे आणि लिहिणे दोन्ही लागते.

मग २०११ चे दोनच स्तंभ घेऊन मी वर्गाचे दोन गट केले. एका गटाने उभी रेघ शून्यापासून सुरू करायची, दुसऱ्याने साठपासून. एका टक्क्याला एक चौकोन. पहिल्यांचे स्तंभ ६६ आणि ७३ चौकोनांचे, जवळजवळ सारखे. दुसऱ्यांचे ६ आणि १३, म्हणजे एक दुसऱ्याच्या दुपटीहून उंच. आकडे तेच! कुठला खोटा, यावर घंटा होईपर्यंत भांडण चालले. ‘सगळे सुरळीत झाले’ म्हणणाऱ्याला पहिला आलेख सोयीचा आणि आपल्याला दुसरा, हे मी लपवले नाही. आपल्या सोयीच्या आलेखाचीही उभी रेघ कुठून सुरू होते ते पाहावेच लागते.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, त्यांनी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटातल्या आपल्या विद्यार्थ्यांकडून साठेक रंगीत आलेख हाताने काढून घेतले : आपल्या माणसांची जमीन, धंदे, साक्षरता. ज्यांना आजवर इतरांनी मोजले, ती माणसे स्वतःला मोजत होती. मुलांना हे फार आवडले.

आता वर्गाने गावाचा नकाशा पुन्हा काढायला घेतला आहे. सुरुवात वस्तीपासून केली, तर या खेपेला देऊळ आणि वरची आळी कागदाबाहेर गेली. वरच्या आळीतला एक मुलगा रुसला. मग आणखी एक कागद चिकटवला, पण दोन्ही कागदांचे प्रमाण जुळेना. ओढा मध्येच तुटल्यासारखा दिसतो. येत्या शनिवारी दोरी घेऊन वस्तीपासून वेशीपर्यंतचे अंतर मोजायला जायचे ठरले आहे.