आधी आवळायचा, मग सोडायचा

मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या मासळीच्या टेम्पोंखाली रस्ताभर पाणी ठिबकत जातं, बर्फाचं आणि मिठाचं. तेच उडून गाडीच्या पोटाला लागतं. संपादकांनी मला रत्नागिरीला पाठवलं होतं बंदरावर लिहायला. मी दोन दिवस बसलो ते एका गॅरेजात, एका डिझेल टेम्पोच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आठ बोल्टांपाशी.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या हेडला बसवलेला बिडाचा फाटेदार पाईप. सिलिंडरमधला जळका धूर गोळा करून तो सायलेन्सरकडे सोडतो. घाट चढताना या धुराचं तापमान पाचशे-सहाशे अंशांवर जातं, रात्री सगळं थंड पडतं. रोज फुगायचं, रोज आकसायचं, त्यात खारी ओल. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. आट्यांत ती नसते, म्हणून तो पाचरीसारखा रुतून बसतो.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. तारेच्या ब्रशने डोकी घासली, आट्यांच्या तोंडाशी झिरपणारं तेल सोडलं. गॅरेजात डब्ल्यूडी-४० चा डबाही होता. पण १९५३ साली अमेरिकेत ते बनलं पाणी हटवायला, गंज रोखायला. जाम आट्यांसाठी मिस्त्रींचा भरवसा दुसऱ्या तेलावर. मग तासातासाने प्रत्येक डोक्यावर हातोडीचे हलके टोले. गंजाला चिरा जातात, तेल आत उतरतं.

दुसऱ्या सकाळी सहा कोनांची गोटी चढवली. बारा कोनांची झिजलेल्या डोक्यावरून सटकते. आणि मिस्त्री बोल्ट चक्क आवळू लागले.

“मिस्त्री, सोडवायचाय ना?”

“आवाज ऐका, दादा.”

कट्. गंजाची पकड सुटली होती. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. फिरतोय पण आवाज नाही, हाताला रबरासारखं लागतंय, तर आटे सुटत नसून बोल्टच पिळतोय; तिथेच थांबायचं. ही जाण मनगटात यायला किती बोल्ट तुटले असतील, या विचाराने माझा आदर वाढत गेला.

सात निघाले. आठवा मागे, हात जेमतेम पोचेल अशा कोपऱ्यात. त्याला गॅसने मंद लाल केला. हेड बिडाचं होतं म्हणून हे धाडस. अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांवर वितळतं. थोडा निवल्यावर मेणबत्ती टेकवली, मेण आट्यांत ओढलं गेलं. तरी डोकं तुटलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालणं त्यांना नको होतं. ते कडक पोलाद आत मोडलं तर ड्रिलही चालत नाही. उरलेल्या टोकावर नट ठेवून त्यांनी वेल्डिंग केलं. तो नट उखडून आला. दुसराही. टेम्पोचा मालक तोवर दोनदा डोकावून गेला होता. पहाटेची मासळी त्याला उचलायची होती.

तिसऱ्या नटाला त्यांनी वेल्डिंग जास्त वेळ धरलं, लाली पूर्ण जाऊ दिली आणि आधी आवळला. तुकडा तपकिरी भुकटी सांडत बाहेर आला. लगेच टॅप फिरवून त्यांनी आटे साफ केले आणि नव्या बोल्टांना तांब्याचं ग्रीस चोपडायला घेतलं.